नवी गाडी डेनबरोला थांबत नाही

नव्या गाडीची फीत मी कापली. हे मीच आधी सांगून टाकतो, नाहीतर क्लेटन पर्डी सांगेल, आणि सांगताना हसेल. किंग्स्टनच्या स्टेशनावर, ऑक्टोबरच्या बोचऱ्या वाऱ्यात टोपी काढून, कुंपण छाटायच्या कात्रीएवढी मोठी कात्री हातात घेऊन मी ती निळी फीत कापली. पेपरात फोटो आला. खाली छापलं होतं, 'डेनबरो प्रवासी समितीचे अध्यक्ष लॉर्न हॅस्केट, ज्यांच्या चिकाटीमुळे...' पुढचं तेव्हा मी चारदा वाचून घेतलं. आता वाचवत नाही.

मला गाडी कशाला हवी होती? टोरांटोला जाऊन मला नाटकं बघायची नव्हती, मॉन्ट्रियलला जाऊन फ्रेंच बोलायचं नव्हतं. दर गुरुवारी सकाळी डेनबरोला चढायचं, अर्ध्या तासानं किंग्स्टनला उतरायचं, दिवसभर व्हर्नाजवळ बसायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी यायचं. व्हर्ना माझी बायको. सात वर्षं झाली, ती तिथल्या वृद्धाश्रमात आहे. डोक्यातलं एकेक सामान कुणीतरी उचलून नेतंय तिच्या. कधी मी लॉर्न असतो, कधी तिचा मेलेला भाऊ असतो. एकदा मी मीटर बघायला आलेला माणूस होतो, त्या दिवशी तिनं मला बस म्हणूनसुद्धा म्हटलं नाही.

पण गाडी तिला आठवते. मी तीस वर्षं किंग्स्टनच्या नायलॉनच्या कारखान्यात नोकरी केली, रोज गाडीनं जाऊन येऊन. आमचं घर स्टेशनासमोरच. संध्याकाळची गाडी गावाबाहेरच्या फाटकाला शिट्टी द्यायची, दोन लांब, एक आखूड, एक लांब, की व्हर्ना स्वयंपाकघरातल्या खुंटीवरचा कोट अंगात घालून मला घ्यायला फलाटावर यायची. रस्ता ओलांडला की फलाट. घ्यायला येण्यासारखं काय होतं त्यात? पण यायची. गाडीला उशीर असला की स्टेशनमास्तर घरी फोन करायचा, "व्हर्ना, गाडी लेट आहे गं." व्हर्ना म्हणायची, "बरं. मग बटाटे उतरवून ठेवते." बटाटे शेगडीवरून उतरवायची, पण कोट आधीच चढवलेला असेल तर तो काढायची नाही. कोट घालूनच टेबलाशी बसून राहायची.

तिचा आश्रमही रुळांच्या कडेला आहे, फाटकाजवळ. तिथली मदतनीस मारिविक गुरुवारी सकाळी तिला सांगून ठेवते, "व्हर्नाआजी, आज गुरुवार, आज मिस्टर लॉर्न येणार." मग गाडीची शिट्टी झाली की व्हर्ना उठते, स्वतःच्या हातानं कोट घालते आणि पुढच्या दाराशी खुर्चीत जाऊन बसते. मारिविक फिलिपिन्सची आहे, बोलायला लागली की थांबत नाही. ती म्हणते, "अहो मिस्टर लॉर्न, औषध घ्या म्हटलं तर ऐकत नाहीत, जेवा म्हटलं तर तोंड फिरवतात. पण शिट्टी झाली की सगळी बटणं बरोबर लावतात. एक चुकत नाही!" मी दारातून आत शिरलो की व्हर्ना म्हणते, "आलास? चल." आणि आम्ही आश्रमाच्या लांब व्हरांड्यात एक फेरी मारतो आणि तिच्या खोलीत येतो. तिच्या मते आम्ही घरी आलेलो असतो. माझा सगळा आठवडा त्या 'आलास?'वर चालतो. एवढंच माझं गाडीशी काम.

आता त्या जुन्या गाड्यांबद्दल. त्या आल्या तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते आणि त्यांच्या दारांना रंग. दोन्ही साधारण एकदमच गेले. जानेवारीत संडास गोठायचे. जुलैत डब्यातला गारवा बंद पडायचा आणि खिडकी तर उघडत नाही. काचा इतक्या धुरकट की बाहेर धुकं आहे की ऊन, उतरल्यावर कळायचं. डिझेलचा वास कोटाला असा बसायचा की कुत्री मला ओळखायची. त्यात रूळ मालगाडीवाल्यांचे, आमची गाडी म्हणजे पाहुणी. दोन-दोन मैल लांब मालगाडी आली की माणसांनी बाजूच्या रुळावर मुकाट उभं राहायचं. मालगाडीतली खेळणी पुढे, माणसं मागे.

एका फेब्रुवारीत नॅपनीच्या अलीकडे इंजिनानं मान टाकली. हीटर गेला. एका बाईनं नातवंडांसाठी विणलेले मोजे सगळ्या डब्याला वाटून टाकले. मी एका हातात हिरवा आणि एका हातात पिवळा मोजा घालून किंग्स्टनला पोचलो तेव्हा दिवस मावळत आला होता. व्हर्ना कोट घालून दाराशी खुर्चीतच झोपली होती, मान कलती. मारिविक म्हणाली, "मी उठवत होते, पण त्या म्हणाल्या गाडी यायचीय." त्या दिवशी माझं डोकं जे फिरलं ते फिरलं. त्याच आठवड्यात मी समिती काढली.

समितीच्या सभा चर्चच्या तळघरात व्हायच्या. कॉफी पातळ आणि खजुराच्या वड्या दगडासारख्या, पण लोक यायचे. क्लेटन पर्डी खजिनदार. जन्मभर ट्रॅक्टर विकले त्यानं, आणि शाळेपासून माझा मित्र आहे, म्हणजे माझी टर उडवायचा परवाना त्याच्याकडे कायमचा आहे. आम्ही सह्या गोळा केल्या. ऑटावाला जाऊन संसदेसमोरच्या हिरवळीवर फलक धरून उभे राहिलो. खासदार आले, हात मिळवून गेले. दुसरे निवडून आले, तेही हात मिळवून गेले. पाच वर्षं हे चाललं. नवी गाडी येणार, पुढच्या वर्षी येणार, कारखान्यात आहे, चाचणीत आहे, थंडीत चाचणी घ्यायचीय म्हणून थंडीची वाट बघताहेत. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात!

शेवटी कंपनीनं माणूस पाठवला. प्रेंटिस नावाची बाई होती, बोलायला इतकी गोड की राग यायचा. पडद्यावर तिनं नव्या गाडीची चित्रं दाखवली. मग म्हणाली, "तुमच्यासारख्या छोट्या स्टेशनांसाठी एक पर्याय आहे. जुन्या गाड्यांतली एक आम्ही दुरुस्त करून आणखी काही वर्षं चालवू शकतो. डेनबरोचा फलाट जरा आखूड आहे ना, म्हणून."

मी ताडकन उठलो. "बाई, इतकी वर्षं आम्ही त्या खटाऱ्यात कुडकुडलो. आता टोरांटोवाल्यांना ताजं ताट आणि आम्हाला त्यांचं उष्टं? आम्ही काय कमी तिकिटाचे प्रवासी आहोत? द्यायची तर नवी द्या, नाहीतर नको!"

तळघरात टाळ्या कडाडल्या. क्लेटन चमच्यानं कप बडवत होता. म्हातारी डॉरिन, जी कुठल्याच सभेत जागी राहिली नाही, तीसुद्धा उठून उभी राहिली. प्रेंटिसबाईनं हसून मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं. 'आखूड' हा शब्द मी ऐकला होता. पण संतापलेल्या माणसाला फक्त स्वतःचा आवाज ऐकू येतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, पण त्या रात्री आम्ही सगळे जग जिंकल्यासारखे घरी गेलो.

मग ती फीत. गाडी सुंदर होती, खोटं कशाला बोलू? खिडक्या लख्ख. सीट अशी की माझ्या पाठीनं तक्रार करायला जागा शोधली आणि तिला सापडली नाही. संडास माझ्या स्वयंपाकघराएवढा, आणि गरम. मी आत बसून हाताच्या दांडीवरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, व्हर्ना, आता तुला दाराशी झोपावं लागणार नाही. मला भरून आलं होतं. फोटोत डोळे ओले दिसतात ते वाऱ्यानं नाही.

नोव्हेंबरात स्टेशनावर नवं वेळापत्रक लागलं. माझ्या डोळ्यांच्या मधोमध आता डाग आहे, कडेनं दिसतं, समोरचं दिसत नाही. त्यापायीच तर गाडी चालवायचं लायसन काढून घेतलं. म्हणून वाचायला क्लेटनला नेलं.

"बेलव्हिल," क्लेटन वाचू लागला. "नॅपनी. किंग्स्टन."

"बेलव्हिलनंतर आपण येतो. गाळलंस तू."

"मी नाही गाळलं."

"चष्मा पूस."

त्यानं खरंच चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. खाली बोट फिरवलं, वर फिरवलं. "लॉर्न," तो म्हणाला, "अरे, आपण नाहीच आहोत यात."

"दुपारची बघ."

"दुपारचीत नाही. संध्याकाळचीतही नाही." त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाला, "'द्यायची तर नवी द्या, नाहीतर नको.' देवानं तुझं ऐकलं बघ. दोन्ही दिलं. त्यांना नवी आणि आपल्याला नको."

मी त्याच्याशी तीन दिवस बोललो नाही. बोलायला वेळही नव्हता, मी फोनवर होतो.

जुन्या गाडीत कंडक्टर हातानं एकच दार उघडायचा. नव्या गाडीत एक बटण दाबलं की त्या बाजूची सगळी दारं एकदम उघडतात. आमच्या फलाटावर मावतात दोन डबे, बाकीची दारं उघडणार खडीवर. तेव्हा नियम असा की फलाट गाडीपेक्षा आखूड असेल तिथे गाडी थांबवायचीच नाही. मी म्हटलं, मग फलाट वाढवा. कंपनी म्हणाली, फलाट आमचा नाही, मालगाडीवाल्यांचा आहे. मालगाडीवाले म्हणाले, आम्ही माल नेतो, आणि माल डेनबरोला उतरत नाही. मंत्रालय म्हणालं, गावानं ठराव पाठवावा. गाव म्हणालं, फलाटावरचा दिवा तेवढा आमचा, बाक चर्चचं, आणि फलाटावरचा बर्फ कोणाचा हे भांडण तीन वर्षं चालू आहे, त्यात नवं नको. प्रत्येक ठिकाणी आधी संगीत ऐकवायचे. एकच धून. आता ती चर्चमध्ये वाजली तरी माझ्या तोंडात शिवी येते.

शेवटी प्रेंटिसबाई सापडली. "मिस्टर हॅस्केट," ती मधाळपणे म्हणाली, "तुमच्या समितीचं म्हणणं आम्ही तंतोतंत पाळलं. जुनी गाडी ठेवायचा पर्याय आम्ही दिला होता ना? तुम्हीच नको म्हणालात."

"मी रागानं बोललो होतो!"

"हो, पण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या."

मी फोन ठेवला. इतक्या जोरात ठेवला की खुंटीवरची किल्ली पडली.

जुन्या गाडीच्या शेवटच्या गुरुवारी कंडक्टर रेजाँ होता. मॉन्ट्रियलकडचा, मिशीवाला, मनानं मोठा. इतकी वर्षं तो डेनबरो आलं की अख्ख्या गाडीत ओरडत जायचा, "डेनबरोवाले चौथ्या डब्यात या, चौथ्या डब्यात!" मग दार उघडायचं, खालची फळी उचलायची, पिवळं स्टूल फलाटावर ठेवायचं आणि माझा कोपर धरून मला चढवायचं. त्या संध्याकाळी त्यानं मला उतरवलं आणि स्टूल उचललंच नाही.

"ठेवा तुमच्याकडे, लॉर्न," तो म्हणाला. "नव्या गाडीच्या पायऱ्या आपोआप बाहेर येतात, याला आता कुत्रं विचारणार नाही. मी हरवलं म्हणून सांगतो."

"स्टूल घेऊन काय करू? गाडी थांबव माझ्यासाठी."

"अहो, बटण आहे ते. मी एक दार उघडतो म्हटलं तर कोणी ऐकणार नाही, ते यंत्रही ऐकणार नाही." त्यानं मिशी ओढली. "माझा बाप वर उत्तरेला ड्रायव्हर होता, जंगलातल्या गाडीवर. तिकडे अजून स्टेशन-बिशन काही लागत नाही. रुळाशेजारी उभं राहून फडकं हलवायचं की गाडी थांबलीच पाहिजे. मग माणूस असो, होडी असो, मारलेलं हरीण असो, सगळं चढवायचं."

"मग मी हलवतो फडकं."

रेजाँ हसला. "इथे? इथे कोण गाडी थांबवायला हात करतं हो? इथे लोक टाटा करतात." मग त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. गाडी निघाली. मी स्टूल काखेत मारून रस्ता ओलांडला.

पुढचे काही गुरुवार क्लेटननं त्याच्या गाडीतून नेलं. रस्ताभर रेडिओ आणि माझी टर, पण नेलं. मात्र बर्फ पडायला लागला की तो फ्लोरिडाला जातो, दर वर्षी, पक्ष्यांसारखा. "हाडांना ऊन लागतं रे," तो म्हणाला. "चल ना तूही."

"आणि व्हर्ना?"

त्यावर त्यानं टर उडवली नाही. नंतर बॅगा भरताना त्यानं दोनदा विचारलं की यंदा थांबू का मी. मी म्हटलं, जा. त्याच्या छातीत काय काय बसवलंय ते मला माहीत आहे, त्याला बर्फात ठेवून मला आणखी एक ओझं नको होतं.

म्हाताऱ्यांसाठी जिल्ह्याची एक छोटी बस आहे, फोन केला की दाराशी येते. फोन केला. ड्रायव्हर भला माणूस. म्हणाला, "किंग्स्टन दुसऱ्या जिल्ह्यात येतं, काका. मी तुम्हाला हद्दीपर्यंत सोडू शकतो."

"हद्दीवर काय आहे?"

"पाटी आहे."

मुलगी कॅल्गरीहून रोज फोन करते, बाबा, घर विका आणि आईच्याच आश्रमात राहायला जा. तिला वाटतं मला सुचलं नसेल. नाव घालून वर्ष झालं. पुढे एवढी रांग आहे की माझा नंबर लागायचा तर त्यातल्या बऱ्याच जणांनी मरायला हवं, आणि मी मरता कामा नये.

असे लागोपाठ दोन गुरुवार बुडाले. दुसऱ्या गुरुवारी मारिविकचा फोन आला. "मिस्टर लॉर्न, रागावू नका. मी सवयीनं सकाळी बोलून गेले, आज गुरुवार म्हणून. शिट्टी झाली आणि त्या कोट घालून दाराशी जाऊन बसल्या. जेवणाची वेळ गेली तरी उठेनात."

"नवी शिट्टी ओळखली तिनं?"

"ओळखली की! लगेच."

खरं सांगतो, मला वाटलं होतं की निदान शिट्टी बदलेल. शिट्टी बदलली की व्हर्नाला कळणार नाही, ती वाट बघणार नाही, आणि मला थोडं कमी दुखेल. पण मेल्यांनी सगळं बदललं, दारं बदलली, खिडक्या बदलल्या, संडास बदलले, आणि शिट्टी तेवढी तीच ठेवली.

"पुढच्या गुरुवारी मी येतोय," मी म्हटलं. "तिला सांग. नक्की येतोय."

"कसे येणार?"

"गाडीनं."

तो गुरुवार लख्ख उजाडला. थंडी अशी की नाकातले केस काड्यांसारखे ताठ. मी दाढी केली, चांगला सूट घातला, वर जाड कोट. आदल्या दिवशी डॉरिननं दिलेल्या बटर टार्टचा डबा घेतला, व्हर्नाला त्या अजून आवडतात. एका काखेत पिवळं स्टूल आणि गळ्यात व्हर्नानं विणलेला लाल स्कार्फ, चांगला माझ्या उंचीएवढा लांब. रस्ता ओलांडला. फलाटावरचा बर्फ नेहमीप्रमाणे कोणाचाच नव्हता. पायानं जागा केली, फलाटाच्या कडेपासून जरा आत स्टूल ठेवलं, आणि दिव्याचा खांब धरून त्यावर चढलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसानं असं काही करू नये हे मला माहीत आहे, कुणी सांगायला नको.

माझं गणित सोपं होतं. ड्रायव्हर मला बघेल. म्हातारा माणूस, लाल फडकं, जिवाच्या आकांतानं हलवतोय, म्हणजे काहीतरी झालंय. तो ब्रेक लावेल. गाडी थांबेल. एकदा थांबली की रेजाँ असो नाहीतर आणखी कोणी, एक दार उघडायला लावीनच. बटण माणसानंच केलंय ना?

फाटकापाशी एक मोटार थांबलेली होती. त्यातून एक नवरा-बायको उतरले, गळ्यात मोठाले कॅमेरे. नवी गाडी आल्यापासून असे लोक सगळीकडे उगवतात, रविवारच्या चर्चपेक्षा फाटकावर गर्दी जास्त. त्यांनी मला बघून हात केला. मी केला नाही.

मग ती आली. लांबून आधी दिवे, मग रुळांचं गुणगुणणं. दोन लांब, एक आखूड, एक लांब. मी खांब सोडला आणि दोन्ही हातांनी स्कार्फ हलवायला लागलो. डोक्यावरून, डावीकडे, उजवीकडे. ओरडलोही. "थांब! अरे थांब! व्हर्ना वाट बघतेय!" एवढ्या आवाजात कोणाला ऐकू जाणार होतं? पण ओरडलो.

समोरचं मला दिसत नाही, कडेनं दिसतं, म्हणून मी मान वळवून ठेवली होती. ड्रायव्हरची खिडकी जवळ आली. त्यानं मला पाहिलं, अगदी नीट पाहिलं. फाटकावरचे ते दोघेही मला बघून जोरजोरात हात हलवायला लागले होते. ड्रायव्हरच्या तोंडावर हसू पसरलं. त्यानं हात वर करून झकास हलवला, आणि खास माझ्यासाठी दोन छोट्या शिट्ट्या दिल्या. पीप, पीप.

लख्ख खिडक्या एकामागून एक गेल्या. एका खिडकीतून एक लहान मुलगी मला टाटा करत होती. मग शेपटाचा लाल दिवा, आणि उडालेला सगळा बर्फ माझ्या तोंडावर. टोपी उडाली. मी स्टूलवरून पडलो नाही, एवढीच त्या दिवसाची कमाई.

मी इतका चिडलो होतो की मला रडू आलं. त्या ड्रायव्हरचा राग नव्हता, बिचारा मनापासून हसला होता. राग कोणावर काढावा तेच सापडत नव्हतं, त्याचाच राग होता.

कॅमेरावाला धावत आला, माझी टोपी हातात घेऊन. "आजोबा, काय फोटो आलाय! तुमचा लाल स्कार्फ, मागे बर्फ उडवत गाडी! असा उत्साह या वयात!" मग त्यानं वाकून माझ्या तोंडाकडे पाहिलं. "एक मिनिट. तुम्ही ते फीतवाले ना? पेपरात आले होते ते?"

"नाही," मी म्हटलं. "तो मेला."

तो टोपी देऊन मुकाट्यानं निघून गेला. त्याच्या बायकोनं लांबूनच विचारलं, सोडू का कुठे. मला एकदम सुचलं, म्हटलं, "किंग्स्टनला जाताय?" ती म्हणाली, "नाही हो, आम्ही टोरांटोचे. परत निघालो." अर्थातच. मोटार गेली. मी बटर टार्टचा डबा बाकावर ठेवला आणि तिथेच उभा राहिलो. अर्धा तास गेला असेल. घरी जायला रस्ता तेवढा ओलांडायचा होता, पण पाय निघेना. कारण मला ठाऊक होतं, ती गाडी आता कुठे असेल आणि कुठल्या फाटकाला शिट्टी देत असेल.

खिशातला फोन वाजला.

"मिस्टर लॉर्न!" मारिविक आनंदात होती. "शिट्टी झाली. आज तर त्यांनी केससुद्धा विंचरून घेतलेत माझ्याकडून. दाराशी बसल्यात. तुम्ही उतरलात ना?"

"नाही."

"मग कुठे आहात?"

"डेनबरोला. गाडी थांबली नाही."

तिच्या मागे कुठेतरी बशा वाजत होत्या, टीव्ही चालू होता. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मग त्यांना काय सांगू? दाराकडेच बघतायत."

पाच वर्षं ज्या तीन शब्दांपायी मी टेबलं बडवली होती, ऑटावापर्यंत जाऊन ज्यांच्या नावानं बोंब मारली होती, तेच माझ्या तोंडात आले. दुसरं काही व्हर्नाला समजलंही नसतं.

"तिला सांग," मी म्हटलं, "गाडी लेट आहे."

मारिविकनं फोन बाजूला धरला असावा. तिचा मोठा आवाज ऐकू आला, व्हर्नाला हल्ली कमी ऐकू येतं. "व्हर्नाआजी, गाडी लेट आहे हो!" आणि मग व्हर्नाचा आवाज. शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला. तो आश्रमातला नव्हता, आमच्या स्वयंपाकघरातला होता.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणतात, बरं, मग बटाटे उतरवून ठेवते." मारिविक गोंधळली होती. "कुठले बटाटे, मिस्टर लॉर्न?"

मी डब्याशेजारी बाकावर बसलो. मग विचारलं, "आणि कोट?"

"कोट काढू देत नाहीत."